सरकारी अनुदानातून मशीन डेव्हलप करायलोय, पण हळदीचा हंगाम अन् मार्च एंड एकाच टायमाला येतात, काय करावं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. वसमतजवळ माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, मी धरून पाच माणसं. ट्रॉल्या, शेड, पेरणीयंत्राची दुरुस्ती, हळदीचे पॉलिश ड्रम असली कामं. आमच्या भागात हळद किती आहे हे सांगायला नको. फेब्रुवारी ते एप्रिल रानारानात हळद शिजवायचे बॉयलर चालू असतात. तर मागच्या तीनेक वर्षांपासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती की ड्रममधली हळद सारखी शिजत नाही. खालची गळून जाते अन् वरची कच्ची राहते. जास्त शिजली की रंग जातो, कमी शिजली की वाळल्यावर कांडी ठिसूळ होते अन् पॉलिशला तुकडे पडतात, मग मोंढ्यात भाव पडतो.

कुणीतरी सांगितलं म्हणून एका इन्क्युबेशन सेंटरमार्फत (नवीन कल्पनांना उभं करायला मदत करणारी संस्था) केंद्र सरकारच्या योजनेत अर्ज केला. हळद सारखी शिजवणाऱ्या ड्रमचं मॉडेल बनवायला १० लाख मंजूर झाले. खरं सांगतो, मला विश्वासच बसला नव्हता, कारण मी आयटीआय वेल्डर आहे, संशोधन वगैरे शब्द आपल्यासाठी नाहीत असंच वाटायचं.

पहिला हप्ता नोव्हेंबरात आला. जानेवारीपर्यंत दोन ड्रम तयार, एसएस ३०४ म्हणजे स्टेनलेस स्टीलचे, खाली वाफेचा भोकं पाडलेला पाईप, अन् तीन उंचीवर थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायचे सेन्सर, बसवले. फेब्रुवारीत एका शेतकऱ्याच्या रानात ट्रायल घेतली अन् तिथंच कळलं की वाफ पाईपच्या सुरुवातीच्या भोकांतूनच निघून जायली, शेवटच्या भोकापर्यंत प्रेशरच पोचत नाही. वरच्या अन् खालच्या थर्मोकपलमध्ये ११ डिग्रीचा फरक. मला तिथंच उपाय दिसला होता, एका सरळ पाईपऐवजी दोन गोल रिंगा टाकायच्या अन् लांबच्या बाजूला भोकं मोठी करायची. आठ दिवसांचं काम. पण त्याला पैसे पाहिजेत ना, अन् दुसरा हप्ता रिपोर्ट अन् खर्चाचं सर्टिफिकेट दिल्यावर. ते मी दिलं तर उत्तर आलं की मार्च एंडची गडबड चालू आहे, आता नवीन वर्षाच्या निधीतूनच बघू. हप्ता आला जूनमध्ये. जूनमध्ये आमच्याकडं हळद लावत असतेत, शिजवत नसतेत!

आता रिंगा टाकून ड्रम तयार आहे, शेडमध्ये उभा आहे, अन् प्रोजेक्टची मुदत संपतेय येत्या नोव्हेंबरला. हळद यायची फेब्रुवारीत. मुदत संपली तर उरलेले पैसे परत करा म्हणतेत. कुणाला असला अनुभव आहे का? संस्थेचं नाव विचारू नका, माणसं चांगलीच आहेत, भांडायचं नाहीये, काम पूर्ण करायचंय.

रानवाट_जिंतूर

दादा पहिलं तर अभिनंदन, वसमतच्या वेल्डरला सरकार मॉडेल बनवायला पैसे देतंय हेच मला आज कळलं. पण एक विचारतो, राग मानू नका. हे सबसिडीसारखंच आहे का? म्हणजे आधी घालायचे अन् मग मागून मिळवायचे? आमच्या ठिबकचे पैसे यायला लई दिवस लागले होते, तेव्हापासून घरात वडील सरकारी पैशाचं नाव काढू देत नाहीत.

पूर्णाकाठ

नाही भाऊ, हे वेगळं आहे. ठिबकची सबसिडी म्हणजे बाजारात असलेली वस्तू तुम्ही घेता अन् सरकार भार उचलतं. इथं जी वस्तू अजून नाहीच ती करून बघायला पैसे मिळतेत. करून बघितलं अन् नाही जमलं तर वसुली नसते, फक्त काय केलं, कुठं बिघडलं हे प्रामाणिकपणे लिहून द्यायचं अन् प्रत्येक बिल दाखवायचं. माझा पहिला पाईप फसला त्याबद्दल मला कुणी एक शब्द बोललं नाही, उलट कामून फसला ते नीट लिहा म्हणाले. अडचण फक्त टायमिंगची आहे.

हिशोबवही_नांदेड

मी सीए आहे, अशा अनुदानाचे पाच-सहा हिशोब माझ्याकडं असतात म्हणून लिहितो.

पूर्णाकाठ, तुम्ही ज्याला खर्चाचं सर्टिफिकेट म्हणता ते म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र, सामान्य वित्तीय नियमांतला फॉर्म १२-ए. ते सरकारी आर्थिक वर्षाप्रमाणे चालतं, ३१ मार्चला रेघ ओढली जाते, शिल्लक काय ती दाखवावी लागते अन् अनुदानाच्या पैशावर बँकेनं जे व्याज दिलं तेही सरकारजमा करावं लागतं. म्हणून माझा सगळ्यांना आग्रह असतो की या पैशाला वेगळं खातं काढा. वर्कशॉपच्या चालू खात्यात हे पैसे मिसळले की कोणता पत्रा अनुदानातला अन् कोणता ट्रॉलीचा हे सांगता सांगता दोन महिने जातात, अन् हप्ता अडकण्याचं कारण दहात सात वेळा हेच निघतं. तुमचं तसं झालंय असं म्हणत नाही.

आता मुदतीचं. पैसे न वाढवता फक्त मुदत वाढवून मागता येते, ऑफिसात त्याला नो कॉस्ट एक्स्टेन्शन म्हणतात. पण ते मुदत संपायच्या आत मागायचं असतं. संपल्यावर मागितलं की फाईल बंद झालेली असते अन् ती उघडायला कुणाचाही हात धजत नाही. पत्रात एवढंच लिहा की उरलेलं काम कोणतं, ते कोणत्या तारखेला होणार, अन् आधी कामून झालं नाही. हळद काढणी कधी होते याचं पत्र कृषी सहायकाकडून किंवा कृषी विज्ञान केंद्राकडून घेऊन जोडा. दिल्लीतल्या किंवा पुण्यातल्या माणसाला वसमतची हळद कधी निघते हे कसं माहीत असणार, त्याला कागद लागतो.

सोनाली_परभणी

दादा, मी इथं कृषी विद्यापीठातून प्रक्रिया अभियांत्रिकीत एम.टेक. केलं आहे, हळदीवरच काम होतं म्हणून तुमची पोस्ट दोनदा वाचली.

पत्र तर पाठवाच, पण नोव्हेंबरपर्यंत हात बांधून बसायची गरज नाही. तुमच्या रिंगांची खरी परीक्षा काय आहे? वाफ ड्रममध्ये सगळीकडं सारखी पोचते का, हीच ना? त्याला हळद कशाला पाहिजे, तेवढ्याच आकाराचं, तेवढंच पाणी धरणारं काहीही चालतं. मध्यम बटाटे भरा. नाहीतर आलं भरा, कन्नड-खुलताबादकडून मिळेल, ते तर हळदीचंच भावंड, गड्डा अन् कांड्या अगदी तशाच. आलं परवडत नसेल तर एक खेप आल्याची अन् बाकी बटाट्याच्या. तीनऐवजी नऊ थर्मोकपल लावा: खाली, मध्ये, वर, अन् प्रत्येक उंचीवर कडेला, मधोमध अन् दुसऱ्या कडेला. दर दोन मिनिटाला आकडे लिहा. जुना सरळ पाईप फेकला नसेल तर तोही परत बसवून त्याच मालावर आकडे घ्या. जुन्याचे अन् नव्याचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की रिपोर्ट तयार झाला, मग फेब्रुवारीत फक्त रंग, कुरकुमीन (हळदीला पिवळेपणा देणारा घटक) अन् कांडी किती तुटते एवढंच बघायचं राहतं.

एक विचारू का, हळद शिजली हे तुम्ही ट्रायलला कसं ठरवलं?

पूर्णाकाठ

ताई, बटाट्याचं डोक्यातच आलं नव्हतं. जुना पाईप आहे, भंगारात गेला नाही नशिबानं.

शिजली हे आमच्याकडं काट्यानं बघतेत. बाभळीचा काटा घ्यायचा अन् कांडीत घालायचा, लोण्यात गेल्यासारखा अडकल्याशिवाय गेला की झाली. कढई असली तर फेस येतो अन् वास बदलतो, कच्चा मातीचा वास जाऊन हळदीचा वास सुटतो, जुने लोक वासावरूनच आगटी ओढायला सांगतेत. पण बंद ड्रममध्ये फेस दिसत नाही, वास वाफेबरोबर निघून जातो, म्हणून झाकण उघडून काटा घालावा लागतो, अन् झाकण उघडलं की वाफ अन् वेळ दोन्ही वाया जाते, हात भाजतो ते वेगळंच. मला तेच पाहिजे होतं, की बाहेरून आकडा बघून कळावं.

सोनाली_परभणी

मग काट्याची अन् आकड्याची जोडी लावा. दर पाच मिनिटाला नऊही जागच्या कांड्या काढून काटा घाला अन् त्याच वेळचं तापमान लिहा. तुमच्या जुन्या माणसांच्या हातात जे ज्ञान आहे ते आकड्यात उतरवणं म्हणजेच संशोधन, दादा. अर्जात अन् रिपोर्टात हे सविस्तर लिहा, लाजू नका, "बाभळीचा काटा" असंच लिहा. परीक्षकाला शंकाच राहणार नाही की या माणसाला काम कळतं.

वाळूज_शॉपफ्लोअर

वाचत होतो शांतपणे, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पूर्णाकाठ, बॉयलर किती लिटरचा आहे अन् प्रेशर किती ठेवता? बॉयलर कायद्यात २५ लिटरच्या वर अन् १ किलो प्रेशरच्या वर डिझाईन गेलं की ते रीतसर बॉयलर धरतात, मग मंजूर ड्रॉइंग, सर्टिफिकेटवाला वेल्डर, तपासणी सगळं आलं. रानात शेजारी बायका-पोरं हळद वेचत बसलेली असतात. हे हलक्यात घेऊ नका.

पूर्णाकाठ

बरं झालं विचारलंत. अर्धा किलोच्या आतच ठेवलंय, डिझाईनच तसं आहे, दोन सेफ्टी व्हॉल्व अन् पाण्याची काच. ड्रमचं झाकण तर नुसतं ठेवलेलं असतं, आवळत नाही, म्हणजे ड्रममध्ये प्रेशर धरतच नाही.

वाळूज_शॉपफ्लोअर

छान. आता माझा अनुभव. मी वाळूजला पंधरा वर्षं ऑटोचे पार्ट करतो, मोठ्या कंपनीचं ड्रॉइंग येतं, आपण तसा पार्ट करून देतो, ड्रॉइंग त्यांचं, नाव त्यांचं. आपल्याकडच्या छोट्या कारखान्यांचं सगळ्यात मोठं दुखणं मला हेच वाटतं की हातात कौशल्य लई आहे पण स्वतःचं म्हणावं असं ड्रॉइंग एकही नाही. अशा अनुदानाचं मोल पैशापेक्षा त्यासाठी जास्त आहे. बँक मशीन घ्यायला कर्ज देते, पण "करून बघतो, जमेल का माहीत नाही" याला कोणती बँक पैसे देईल?

योजना खूप आहेत, फक्त आपल्यापर्यंत नावं पोचत नाहीत. एमएसएमई मंत्रालयाची इन्क्युबेशनची आहे, तिच्यात एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत, यजमान संस्थेमार्फत. शेतीसाठी रफ्तार आहे, सुरुवातीच्या कल्पनेला ५ लाख अन् पुढच्या टप्प्याला २५ लाखांपर्यंत. संरक्षणातली आयडेक्स आहे, तिच्यात दीड कोटीपर्यंत पण तेवढेच आपलेही घालावे लागतात. औषध, बियाणं, जैविक गोष्टींत काम असेल तर बायरॅक या केंद्राच्या जैवतंत्रज्ञानाच्या संस्थेची बिग नावाची योजना, ५० लाख अन् १८ महिने. अन् संभाजीनगरात मॅजिक इन्क्युबेटर आहे, चिकलठाण्याला इंडो-जर्मन टूल रूम आहे, तिथं जाऊन विचारायला काही लाज नाही, मी टूल रूममध्ये डाय करून घेतलेत.

अन् एक, स्टार्टअप मान्यता पाहिजे असेल तर प्रोप्रायटरशिप चालत नाही, प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणी केलेली भागीदारी लागते. आपली नव्वद टक्के वर्कशॉपं प्रोप्रायटरशिप असतील, तिथंच माणूस मागं फिरतो. उद्यम नोंदणी मात्र प्रोप्रायटरलाही होते, फुकट आहे.

रानवाट_जिंतूर

म्हणजे आधी कंपनी काढा, सीए लावा, मग ५ लाखांचा अर्ज करा, अन् तो मंजूर होईल याची खात्री नाही. गरीब माणसानं कुठून करायचं हे? मला पटतंय सगळं, पण हा उंबरा लई उंच आहे.

हिशोबवही_नांदेड

उंबरा आहे हे खरंच आहे. पण सगळीकडं कंपनी लागत नाही. डीएसटीची, म्हणजे केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान खात्याची, निधी-प्रयास नावाची योजना आहे, तिच्यात एकट्या माणसालाही अर्ज करता येतो, १० लाखांपर्यंत. कल्पना पक्की होईपर्यंत कंपनीच्या खर्चात पडूच नये असं मी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

उदगीर_ते_बोस्टन

मी मूळचा उदगीरचा, सध्या अमेरिकेत एका बारा माणसांच्या कंपनीत काम करतो, आमची कंपनीच मुळात सरकारी संशोधन निधीवर उभी राहिली म्हणून तिकडचं सांगतो, तुलनेला उपयोग होईल.

इथं एसबीआयआर नावाचा कार्यक्रम आहे, १९८२ च्या कायद्यानं सुरू झाला. ज्या सरकारी खात्यांचा बाहेर द्यायचा संशोधनाचा बजेट १० कोटी डॉलरच्या वर आहे त्यांना त्यातला ३.२ टक्के वाटा छोट्या कंपन्यांसाठी बाजूला ठेवावाच लागतो. म्हणजे छोट्यानं मोठ्याशी स्पर्धा करून मागायचं नाही, त्याचा वाटा कायद्यानंच ठरवलेला. पहिला टप्पा छोटा, कल्पना चालते का एवढंच बघायला, साधारण सहा महिने. ते जमलं तर दुसरा टप्पा, साधारण दोन वर्षं, मोठी रक्कम. तिसऱ्या टप्प्यात या निधीतून पैसे नाहीत, बाजारात जा किंवा सरकारलाच वस्तू विका. सरकार कंपनीत हिस्सा घेत नाही. मोबाईलच्या चिपवाली क्वालकॉम लहान होती तेव्हा तिला यातून पैसे मिळालेले.

पूर्णाकाठ यांच्या प्रश्नाशी जोडून सांगतो. इथं शेती खात्याचाही एसबीआयआर आहे अन् त्यांचा पहिला टप्पा सहाऐवजी आठ महिन्यांचा आहे. आठ महिन्यांत निदान एक हंगाम गाठायची शक्यता वाढते. आपल्याकडं हळद, कापूस, सोयाबीन, ऊस, सगळी पिकं वर्षातून एकदाच. कापसाच्या मशीनला एक ट्रायल चुकली तर पुढच्या वेचणीपर्यंत थांबायचं. शेतीच्या अवजारावरच्या अनुदानाचा पहिला हप्ता पीक काढणीच्या चार महिने आधी अन् दुसरा ऐन हंगामात हातात पाहिजे. हे मागणं काही जगावेगळं नाही. कारखान्यातला पार्ट बारा महिने करून बघता येतो, हळद बघता येत नाही.

हिशोबवही_नांदेड

हे लिहून द्या कुणीतरी. मी मसुदा करून देतो, पैसे नको.

मोंढ्यावरून

मी व्यापाऱ्याच्या बाजूनं बोलतो. आमच्याकडं हळद आली की दोन कांड्या एकमेकींवर आपटून बघतो. खणखणीत आवाज आला तर वाळलेली अन् नीट शिजलेली, आवाज बद्द आला तर बाजूला. मग मोडून बघतो, आतून रंग सगळीकडं सारखा आहे का. मधोमध फिकट गाभा दिसला की ती कच्ची शिजलेली, त्या पोत्याचा भाव तिथंच उतरतो. पूर्णाकाठ, तुमच्या फेब्रुवारीच्या ट्रायलमधली दोन पोती माझ्या अडतीवर आली होती बहुतेक, तुम्ही सांगितलेलं वर्णन अन् तारीख जुळते. त्यात खालची अन् वरची हळद सरमिसळ झाली होती, म्हणून सगळ्याच पोत्याला कमी भाव लागला. रिंगावाल्या ड्रमची हळद येईल तेव्हा खालची, मधली, वरची वेगळी पोती करून पाठवा, मी तिन्हीचा लिलाव वेगळा लावतो अन् पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, देतो. रिपोर्टला लावा ती पट्टी.

पूर्णाकाठ

भाऊ, ती पोतीच माझ्या मनाला लागली होती. त्या शेतकऱ्याला त्या दोन पोत्यांत जो फरक पडला तो मी माझ्या खिशातून दिला, कारण ट्रायल माझी होती अन् माल त्याचा होता. अनुदानात नुकसानभरपाईला रकाना नव्हता. हा रकाना पाहिजे, हे पण पत्रात लिहायचं का?

हिशोबवही_नांदेड

नक्की लिहा. ट्रायलला दिलेल्या मालाची किंमत हा संशोधनाचाच खर्च आहे. पुढच्या बजेटमध्ये "चाचणीसाठी कच्चा माल" असा रकाना घाला अन् शेतकऱ्याची हळद रीतसर बिलानं विकत घ्या. मग ती बिघडली तरी त्याचं नुकसान नाही अन् हिशोबालाही सोपं.

वाळूज_शॉपफ्लोअर

अजून एक, रिंगांचं डिझाईन कुणाला फोटो काढू दिला नाही ना? इथंही टाकू नका. प्रदर्शनात ठेवायच्या आधी प्रोव्हिजनल पेटंट, म्हणजे पेटंटचा तात्पुरता अर्ज, टाकून ठेवा, ऑनलाईन भरलं तर छोट्या उद्योगाला १६०० रुपये फी आहे, मग पूर्ण कागद द्यायला १२ महिने मिळतात. मोठ्या कंपनीला त्याच अर्जाला ८००० लागतात. वकिलाचा खर्च वेगळा धरा.

पूर्णाकाठ

रिंगांबद्दल जेवढं वर लिहिलं तेवढंच लिहिलं, मापं अन् भोकांचा हिशोब लिहिला नाही. फेब्रुवारीच्या ट्रायलला माणसं होती पण तेव्हा रिंगा नव्हत्या. उद्याच उद्यमचं सर्टिफिकेट शोधतो.

शिवारातला

मी तोच शेतकरी, ज्याच्या रानात ट्रायल झाली. पोरानं हा धागा वाचून दाखवला, त्याच्याच मोबाईलवरून टाकायलो. मिस्त्रीनं पैसे दिले ते खरं आहे, मी घेत नव्हतो. मला तर वाईट ह्याचं वाटलं होतं की दुसऱ्या दिवशी मिस्त्री ड्रमजवळ उकिडवा बसून पाईपच्या भोकात सळई घालून बघायला, अन् मला म्हणला, मला कळलंय कुठं चुकलं, पण पैसे आले की करतो. मी म्हणलं उधारीवर आण पत्रा. तर म्हणला उधारीचं बिल त्या हिशोबात बसत नाही. अन् माझी अजून चार एकर उभी होती तेव्हा. ती शेवटी जुन्या बॉयलरनंच शिजवली.

यंदा दोन एकर तुमच्यासाठी ठेवतो. संक्रांतीनंतर पाला कापतो, पाणी तोडतो, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काढणी. पाला कापायच्या आधी फोन करतो.

सोनाली_परभणी

काका, काढल्यावर दोन-तीन दिवसांतच शिजवायला घ्या म्हणजे आकडे खरे येतील. गड्डे अन् कांड्या वेगवेगळ्या ठेवा, दोन्हीला शिजायला वेगळा वेळ लागतो. मी त्या आठवड्यात येते, ओलावा मोजायचं यंत्र बरोबर आणते.

पूर्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी मुदतवाढीचं पत्र ईमेलनं पाठवलं, सीए साहेबांनी रात्री फोनवर मसुदा सांगितला तो तसाच. कृषी विज्ञान केंद्राचं पत्र सोमवारी मिळणार. हप्त्याच्या तारखा पीक काढणीला जोडा, हे मागणं वेगळ्या पत्रात घातलंय, ट्रायलच्या मालाचा रकाना पण त्यातच. इथं ज्यांना असल्याच योजनेत हंगाम चुकल्याचा अनुभव आहे त्यांनी पीक, महिना अन् हप्ता कधी आला एवढंच मला व्यक्तिगत निरोपात कळवा, सगळ्यांचं एकत्र जोडतो.

बटाटे दोन क्विंटल आणलेत. थर्मोकपल सहा कमी पडतेत, नांदेडहून उद्याच्या एसटीनं येतील. रविवारी ड्रम पेटवतो, जुना पाईप आधी.

वाळूज_शॉपफ्लोअर

रविवारी मी येतो. कॅलिब्रेशन केलेला थर्मामीटर आहे माझ्याकडं, तुमचे नऊही थर्मोकपल आधी उकळत्या पाण्यात बुडवून तपासून घेऊ, मगच बटाटे टाका.